करणी कोणाची?

‘जादू’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच्या मुळाशी अवेस्तातला ‘यातु’ आहे आणि ऋग्वेदातला ‘यातु’ही त्याचाच सख्खा भाऊ. यातुविद्या करणारा तो यातुधान. सातव्या मंडलातल्या 104व्या सूक्तात ऋषी (परंपरेने वसिष्ठ) कळवळून सांगतो, की मी यातुधान असेन तर आजच मला मरण येवो, आणि माझ्यावर हा खोटा आळ घेणाऱ्याचे दहा मुलगे जावोत. इतक्या जुन्या काळीही हा शब्द आळ म्हणूनच अंगावर येत होता.

पुढे ‘जादू’ सौम्य झाली. गायकाच्या गळ्यात, सुगरणीच्या हातात आपण ती कौतुकाने पाहतो. तिची धार उरली ती ‘करणी’त. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ या म्हणीत करणी म्हणजे नुसती कृती. अथर्ववेदातली ‘कृत्या’ म्हणजे मात्र जादूटोणा, आणि तीही त्याच ‘कृ’ धातूची. म्हैस आटली, पोर तापाने फणफणले, की माणसे म्हणतात, ‘कुणीतरी केलंय.’ काय केले ते कोणी सांगत नाही, पण क्रियापद आले की कर्ता शोधणे आलेच. तो शोधून देतो देवऋषी किंवा भगत, आणि बोट बहुधा एखाद्या एकट्या बाईकडे जाते.

सातपुड्याच्या पट्ट्यात तिला डाकीण म्हणतात. वज्रयान बौद्धांच्या तंत्रात डाकिनी ज्ञान देणारी, पूज्य. तोच शब्द इथे बाईला मारहाण करायला पुरतो, याचा मला फार संताप येतो.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, 2013 साली, महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात ‘समूळ उच्चाटन’ असे शब्द आहेत. तंत्रातल्या षट्कर्मांत मारण, वशीकरण यांच्या पंगतीला उच्चाटनही बसते. मंत्राने एखाद्याला त्याच्या ठिकाणाहून उखडून लावणे, हा त्याचा अर्थ. डाकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या बाईचे उच्चाटन मंत्राशिवाय, माणसांच्या हातून होते. म्हणून त्या कायद्याच्या अनुसूचीतले एक कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे, हाच तिथे गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.