मांड ठोकण्यापूर्वी

अश्वांचा इतिहास लिहू लागले की लेखणी सहसा रणांगणाकडे धावते. स्वारांची संख्या आणि त्यांचे पराक्रम यांची नोंद होते; परंतु शिंगराच्या पाठीवर पहिली मांड पडण्याआधी पागेत काय घडले, हे क्वचितच कोणी लिहून ठेवतो. म्हणूनच झेनोफन या ग्रीक सेनानीने इ. स. पू. चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिलेला छोटा ग्रंथ आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

झेनोफन हा नुसता पोथीपंडित नव्हता. इ. स. पू. ४०१ मध्ये कुनाक्साच्या लढाईनंतर परमुलखात अडकलेल्या ग्रीक भाडोत्री सैन्याला काळ्या समुद्रापर्यंत आणणाऱ्या नायकांपैकी तो एक होता. त्या काळी ग्रीक स्वाराला रिकीब ठाऊक नव्हती. खोगिराच्या जागी फार तर एखादे वस्त्र असे. घोडा बुजून उसळला की स्वार भुईवर, आणि ऐन रणात भुईवर आलेल्याची गत काय होते ते सांगावयास नको. घोड्याचे धैर्य हाच स्वाराच्या जिवाचा आधार होता.

हे धैर्य यावे कसे? मुलाला कारागिराच्या हाती सोपवावे तसे शिंगरू लेखी करार करून चाबुकस्वाराकडे द्यावे, असे झेनोफन सुचवितो. परंतु त्यापूर्वीच ते माणसाळलेले असावे, ही जबाबदारी धन्याची. एकटे असता त्याला भूक, तहान आणि माशांचा त्रास जाणवावा. चारा, पाणी आणि सुटका मात्र माणसाच्या हातून मिळावी. मोतद्दाराने त्याला आवडेल तेथे हात फिरवावा, गर्दीतून न्यावे, नाना दृश्यांची व आवाजांची सवय लावावी. एखाद्या वस्तूला ते बुजले तर आपण स्वतः त्या वस्तूला स्पर्श करून दाखवावा आणि हळूहळू त्याला जवळ न्यावे. फटके मारून पुढे रेटल्यास भीती दुणावते. कारण वेदना त्या वस्तूपासूनच झाली, असे घोड्यास वाटते. रागाच्या भरात तर घोड्याजवळ जाऊच नये, असा त्याचा कटाक्ष आहे.

झेनोफन हा काही अहिंसाव्रती नव्हे. खरबरीत लगामाचा उपयोग तो जाणतो आणि सांगतोही. तथापि भयाला भयाने जिंकता येत नाही, हा त्याचा सिद्धान्त भूतदयेतून नव्हे, तर अनुभवी सैनिकाच्या व्यवहारबुद्धीतून आला आहे. आणि आमच्या मते त्याचे खरे बळ त्यातच आहे.

याच सूत्राचे प्रत्यंतर अलेक्झांडरच्या बालपणीच्या प्रसिद्ध कथेत मिळते. ती सांगणारा प्लूटार्क सुमारे चार शतकांनंतरचा, हे खरे. ब्यूसेफॅलस स्वतःच्या सावलीला भितो, हे त्या मुलाने ओळखले. त्याचे तोंड सूर्याकडे वळविले, थोपटीत काही अंतर तो त्याच्या बाजूने धावला, आणि मगच पाठीवर चढला. लोकांच्या स्मरणात ती उडी राहिली. तिला शक्य करणारी जमिनीवरची ती चार पावले मात्र विसरली गेली. पुढे इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमकाठच्या युद्धानंतर तो घोडा मरण पावला, आणि त्या नदीकाठी अलेक्झांडरने त्याच्या नावाचे नगर वसविले. मॅसिडोनियापासून पंजाबापर्यंतच्या त्या सोबतीचा पाया लगामाने नव्हे, विश्वासाने घातला गेला होता.