फुगा आणि नाकाबंदी

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना आवरण्याचा इतिहास गेली काही वर्षे मी जमेल तसा धुंडाळतो आहे. त्यातल्या बऱ्याच महत्त्वाच्या तारखा सणासुदीच्या तोंडावरच्या निघतात. श्वासातली दारू मोजणारे ‘ड्रंकोमीटर’ अमेरिकेत इंडियानापोलिसच्या पोलिसांनी प्रथम रस्त्यावर आणले ते 31 डिसेंबर 1938च्या रात्री. रोला हार्गर या जीवरसायनशास्त्रज्ञाची ही करामत. चालकाने फुगा फुगवायचा आणि ती हवा जांभळ्या द्रावणातून सोडायची. श्वासात दारू असली की रंग उडे. तोवर तोंडाचा वास, डोळ्यांची लाली आणि सरळ रेषेत चालण्याची परीक्षा यांवरच निवाडा होई. दारू पचवलेला गडी त्यातून बेलाशक सुटे.

उपकरण आले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1967पासून 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम ही मर्यादा लागू झाली. वाहतूकमंत्री होत्या बार्बरा कॅसल. बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, हे त्यांच्या विरोधकांना आयतेच सापडले. त्यांना ठार मारण्याच्या धमक्याही आल्या. पण पहिल्या वर्षात रस्त्यावरचे मृत्यू 1,152ने घटल्याचा हिशेब सरकारने दिला. पुढे काही वर्षांत हा परिणाम ओसरत गेला. मला त्याचे कारण कायद्यातच दिसते. कोणालाही थांबवून श्वास तपासण्याची मूळ कल्पना टीकेपुढे टिकली नव्हती. अपघात, नियमभंग किंवा संशय असेल तरच पोलिसांनी नळी पुढे करायची. आपल्याला सहसा कोणी अडवत नाही, हे लोकांना उमगले आणि धाक गेला.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने नेमकी ही फट बुजवली. 17 डिसेंबर 1982 रोजी, ऐन नाताळाच्या आधी, तिथे संशय नसतानाही कोणत्याही चालकाला थांबवून श्वास तपासण्याची मोहीम सुरू झाली. तपासण्याही थोडक्या नव्हत्या. पहिल्या वर्षात त्या दहा लाखांच्या घरात गेल्या. प्राणघातक अपघात सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. तीन वर्षांचा प्रयोग म्हणून आलेला हा नियम मग कायमच झाला.

या मोहिमेचा एक परिणाम मला आकड्यांहून मोलाचा वाटतो. तिकडे मित्रमंडळींत आळीपाळीने सगळ्यांना पाजायची चाल आहे. आपली पाळी सोडून उठणे म्हणजे कद्रूपणा. नाकाबंदीमुळे माणसांना तोंड राखून नाही म्हणायची सबब मिळाली: “नको, वाटेत पोलीस असतील.” अभ्यासकांनी लोकांना विचारले तेव्हा हेच पुढे आले. आग्रह हा तर आपल्याही बैठकीचा प्राण आहे, त्यामुळे या सबबीची किंमत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको.

आपल्या 1988च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 185ने मर्यादा घातली ती 30 मिलिग्रॅमची, म्हणजे ब्रिटनच्या निम्म्याहून कमी. मात्र कलम 203 प्रमाणे श्वास तपासायला संशयाचे वाजवी कारण लागते. आकडा आपण कडक घेतला आणि तपासणीची रीत जवळपास 1967च्या ब्रिटनची ठेवली. व्यवहारात थर्टी फर्स्टला मुंबई-पुण्याच्या चौकांत नाकाबंदी लागते, गाड्या एकामागून एक थांबतात आणि त्या रात्री ती उणीव बरीचशी झाकली जाते. त्या रात्री पिणारेही सावध असतात. कोणी रिक्षा बोलावतो, कोणी न पिणाऱ्या मेव्हण्याच्या हाती किल्ली देतो. मला घोर आहे तो तालुक्याच्या रस्त्यांचा: गटारीच्या संध्याकाळी शेतावरून दुचाकीवर तिघेतिघे परतणाऱ्यांचा आणि लग्नसराईत वऱ्हाड पोचवून मध्यरात्री निघालेल्या जीपच्या चालकाचा. त्याला आग्रह सगळे करतात आणि “वाटेत पोलीस असतील” ही सबब त्याच्यापाशी नसते.