मोगलाईची हद्द आणि तांड्याचे कुत्रे

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला 1948 पर्यंत परक्या राज्याची हद्द होती. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर शेजारचे नगर मुंबई इलाख्यात. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, नगर इंग्रजांकडे गेले आणि बीडमधल्या आष्टीच्या बाजूला दोन राज्ये समोरासमोर आली. काही अंतर सीना नदीच हद्दीची खूण होती. नगरमधल्या जामखेडकडे मात्र इंग्रजी आणि निजामी गावे एकमेकांत इतकी मिसळलेली, की शेजारच्या गावी लग्नाला गेले तरी मुलूख बदले. इंग्रजी बाजूचे लोक निजामाच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. तिथे सन फसली, टपालाची तिकिटे वेगळी आणि नाणेही वेगळे. पुढे ठरलेल्या दराने इंग्रजी 100 कलदार रुपयांना निजामी 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत.

जकातीच्या निजामी खात्याचे नाव करोडगिरी. 1802 च्या व्यापारी तहाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावरची जकात शेकडा पाचवर बांधली होती. ती मालावर होती. मालकाबरोबर हद्द ओलांडणारे राखणीचे कुत्रे विकाऊ माल नव्हते.

अशी कुत्री सर्वांत जास्त हिंडली ती लमाणांबरोबर. लमाणांचे तांडे कोकणातले मीठ घाटावर आणत आणि घाटावरचे धान्य खाली नेत, सगळे बैलांच्या पाठीवर. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्यांतही तेच होते. मुक्कामाला गोण्या उतरवून त्यांची भिंत रचायची, माणसे आणि बैल तिच्या आडोशाला, आणि कुत्री मोकळी. अंधारात अनोळखी पाऊल वाजले की आधी कुत्री उठत, मग तांड्याचा नायक. दख्खनच्या लांबट, सडपातळ ‘कारवान’ जातीचे नाव अशाच फिरत्या तांड्यांवरून पडले, असे सांगतात.

सावकाराकडे गहाण ठेवलेल्या कुत्र्याची कथाही बंजाऱ्यांची, म्हणजे लमाणांचीच. कुत्रा सावकाराचा चोरीला गेलेला ऐवज शोधून देतो. सावकार खूश होऊन गळ्यात चिठ्ठी बांधून त्याला परत पाठवतो. कुत्रा पळून आला असे समजून मालक त्याला मारतो आणि चिठ्ठी नंतर वाचतो. छत्तीसगडमधल्या खपरीचे कुकुरदेव मंदिर याच कुत्र्याचे, अशी लोकांची श्रद्धा आहे.

1878 मध्ये दौंड–मनमाड रेल्वे नगरवरून सुरू झाली. मीठ आणि धान्य वाघिणीत गेले, तांडे बालाघाटाच्या डोंगरात स्थिरावले. फिरते राहिले ते धनगरांचे वाडे. शेतात मेंढरे बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, हा व्यवहार हद्द पाहून होत नसे. रात्री लांडग्याची भीती, म्हणून वाड्यावर कुत्रे हवेच. शिवाय धनगरांचा देव खंडोबा, आणि कुत्रे त्याच्या सोबतीचे.

ही हद्द खऱ्या अर्थाने दोन देशांची झाली ती जेमतेम तेरा महिने, आणि तीही निजामाच्या लेखी. 15 ऑगस्ट 1947 नंतर तो भारतात सामील झाला नाही. 29 नोव्हेंबरला जैसे थे करार झाला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या त्या दिवसांत कुत्र्यांचे भुंकणेही घरच्यांच्या जिवावर उठू शकत होते. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. 1956 मध्ये बीड मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्रात.

आज परदेशी जाणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस, पशुवैद्याचा दाखला आणि अनेक देशांसाठी कातडीखाली मायक्रोचिप लागते. बीडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात तेव्हा बैल, शेळ्या, कोंबड्यांबरोबर काहींचे कुत्रेही निघते, आणि त्याच्याकडे कसलाही कागद नसतो.