हुद्दा गेला, आडनाव राहिलं
जून १६७४. राज्याभिषेक नुकताच झालाय आणि तुम्ही रायगडाच्या सदरेवर उभे आहात. काम वाकेनविसांकडे आहे. नाव काढताच शेजारचा कारकून कुजबुजतो, "आता मंत्री म्हणायचं." मोरोपंत पेशवे आता मुख्य प्रधान, अण्णाजी दत्तो सुरनीस आता सचिव, सरनोबत झाले सेनापती, मुजुमदार झाले अमात्य, डबीर झाले सुमंत. कामं तीच.

तुम्ही हवालदाराची चौकशी करता, तेव्हा डोळ्यांपुढे खाकीतला पोलीस असतो. समोर येतो तो गडाचा मुख्य अधिकारी. दरवाजांच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात. या हुद्द्याची पुढे काय गत झाली, ते त्याला सांगू नका.

तीन-चार वर्षं पुढे सरका. रघुनाथपंडितांवर सोपवलेल्या राजव्यवहारकोशाची नक्कल चाललीय. दहा वर्ग, संस्कृत श्लोक आणि दप्तरातल्या फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय. नकलणाऱ्याचं एक अक्षर चुकतं. तो खोडत नाही. गोंदात कालवलेला पिवळा हरताळ त्यावर फासतो, वाळू देतो, वर नवं अक्षर काढतो. कुणी आश्वासनांना हरताळ फासला म्हणून तुम्ही आयुष्यभर चिडत आलात, तो हरताळ हा. पिवळट कागदात असा मिसळतो की चूक शोधावी लागते.

बोलीवर मात्र तो बसत नाही. अर्ज, हुकूम, जमीन, तारीख कोशाला दाद देत नाहीत. (दादही फारसीच.)

पुण्यात या, १७३२ साली. शनिवारवाडा नवा कोरा आहे. बाजीरावांच्या शिक्क्यात 'मुख्यप्रधान' कोरलंय. बाहेर रस्त्यावर कुणालाही विचारा, वाडा पेशव्यांचा. शिक्का कागदावर वाचायचा, माणसाला तोंडाने हाक मारायची, हाकेचंच चालतं.

पण कोशवाल्यांची पेरणी वाया गेली असंही नाही, उगवायला उशीर झाला एवढंच. १९७५ साली मुंबईत 'सचिवालया'ची पाटी उतरते आणि 'मंत्रालय' चढते. जुन्या हिशेबाने सुरनिसांची कचेरी वाकेनविसांना गेली! ज्यांचं काम रोजच्या घडामोडी टिपून ठेवायचं, ते आता घडामोडी घडवतात आणि टिपायला सचिव असतात.

प्रवेशपासाच्या रांगेत तुमच्या पुढे सबनीस आहेत, मागे डबीर. पहिल्यांच्या पूर्वजांकडे गडाची हजेरी, दुसऱ्यांच्या पूर्वजांकडे परराज्यांचा पत्रव्यवहार. खिडकीतला माणूस मान वर न करता दोघांनाही विचारतो, "कोणत्या विभागात काम आहे?"