भीमथडींतील कातडीकाम : साल, ठसा आणि रंग

मराठ्यांच्या लष्करी इतिहासांत भीमथडीच्या तट्टांचें नांव वारंवार येतें. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेला हा काटक घोडा मराठी फौजेच्या वेगाचें एक मुख्य साधन होता, हें सर्वश्रुत आहे. परंतु घोडा मोकळ्या पाठीनें स्वारीवर जात नाहीं. त्याला खोगीर लागतें, तंग लागतो, लगाम, दुमची, रिकिबीच्या वाद्या लागतात. आणि स्वाराला पट्टा, म्यान, जोडा व पाण्याची पखाल लागते. हें सामान कोणत्या हातांनीं केलें, त्याचें कातडें कसें कमावलें गेलें, आणि त्यावरील नक्षी व काळा रंग कोणत्या युक्तीनें टिकला, ह्या गोष्टींचा विचार घोड्यांच्या किंवा स्वारांच्या मानानें फारच थोडा झालेला आहे. प्रस्तुत लेखांत तो भीमथडीपुरता करावयाचा आहे.

इंग्रजी अमलांतील कागदांत भीमथडी हें तालुक्याचेंच नांव होतें; त्याचें ठिकाण बारामती. बारामतीहून इंदापुराच्या वाटेला लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर पिंपळी हें गांव येतें. पिंपळीसारख्या खेड्यांत मोठ्या लढाया झाल्या नाहींत, मोठे मुत्सद्दी राहिले नाहींत. परंतु कातड्याचा इतिहास अशाच गांवांतून शोधावा लागतो, कारण शहरांतील जिनगराला जें कातडें मिळे, तें मुळांत खेड्यांतील जनावराचें असे. शिवाय खेड्याची स्वतःची गरजही थोडी नव्हती. विहिरीवरील मोट ही शेतकऱ्याच्या घरांतील कातड्याची सर्वांत मोठी वस्तु. तिची सोंड, जुवाच्या वाद्या, आसूड, तेला-तुपाचे बुधले आणि घरांतील प्रत्येकाच्या पायांतील वहाणा, ही सारी भर त्याच मालांतून होई.

ह्या विषयाचीं साधनें दोन तऱ्हांचीं आहेत. वतनाच्या कागदांत बलुतेदारांचे हक्क, त्यांच्या वाट्याचे तंटे व निवाडे येतात. मात्र काम कसें करीत हें त्यांत कोणी लिहीत नाहीं, कारण तें लिहिण्याची कोणास गरज वाटली नाहीं. काम कसें चाले हें पाहणारे पुढें आले ते बाहेरचे. डॉ. कोट्स ह्यानें पुण्याजवळील लोणी गांवाचें सविस्तर वर्णन लिहिलें तें इ. स. १८२३ त छापलें गेलें. पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर १८८५ त निघालें. आणि मुंबई इलाख्यांतील कातडें कमावण्याच्या व कातडीकामाच्या धंद्यावर मार्टिन ह्याचा स्वतंत्र ग्रंथ १९०३ त प्रसिद्ध झाला. मराठींत त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा 'गांव-गाडा' १९१५ चा. बलुतेदारीचा विचार त्याला वगळून करतां येत नाहीं, जरी आत्र्यांचीं कांहीं मतें आज कठोर वाटलीं तरी.

बलुतेदारांच्या याद्या ठिकठिकाणीं भिन्न आढळतात आणि त्यांच्या ओळींचा क्रमही एकसारखा नाहीं; परंतु चांभार व महार बहुतेक सर्व याद्यांत आहेत. मेलेलें जनावर ओढून नेणें महारांकडे, तें कातडें कमावणें ढोर ज्ञातीकडे, आणि कमावलेल्या मालाच्या वहाणा, मोटा व वाद्या शिवणें चांभाराकडे, अशी कामाची वांटणी असे. ढोर ज्ञाति आज संत कक्कय्यांच्या नांवानें आपली ओळख सांगते. कातड्यावर मालकी कोणाची, जनावराच्या धन्याची कीं ओढणाराची, ह्यावरून गांवोगांवीं वाद होत, आणि रिवाजही एक नव्हता. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, ज्या एका वस्तूवांचून गांवाची विहीर उपसली जात नसे, ती करणाऱ्यांना त्याच विहिरीला शिवण्याची बंदी होती. हा विरोध जुन्या लेखकांच्या ध्यानांत आला नाहीं असें नाहीं. त्यांनीं तो रीत म्हणून नोंदविला व ते पुढें गेले.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. कच्चें कातडें प्रथम पाण्यांत भिजवून नंतर चुन्याच्या निवळींत कांहीं दिवस ठेवीत. त्यानें केस सुटत व ते खरडून काढतां येत. चुना धुवून टाकल्यावर खरें कमावणें सुरू होई. दख्खनमध्यें त्यासाठीं मुख्य द्रव्य बाभळीची साल, जोडीला हिरडा, आणि जेथें मिळेल तेथें तरवडाची साल. जाड कातड्यासाठीं पिशवीची रीत होती. कातड्याच्या कडा दोरानें शिवून त्याचीच एक मोठी पिशवी करीत, ती टांगून तींत कुटलेली साल व सालीचें पाणी भरीत. पाणी कातड्यांतून पाझरून खालीं ठेवलेल्या भांड्यांत पडे, तें पुन्हां वर ओतीत. कांहीं दिवसांनीं पिशवी उलटी टांगून दुसरें तोंड खालीं आणीत, म्हणजे दोन्ही टोकें सारखीं कमावलीं जात. बाभूळ ही भीमथडीच्या काळ्या जमिनींत बांधोबांधीं उभी. त्यामुळें ह्या धंद्याला लागणारी औषधी गांवच्या शिवारांतच मिळे, विकत आणावी लागे ती चुन्यापुरती व हिरड्यापुरती.

सालीचा हा सारा तपशील देण्याचें कारण नुसती हौस नव्हे. कातड्यावर ठसा उठतो कीं नाहीं, हें सर्वस्वी सालीवर अवलंबून आहे. सालींतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंमध्यें भरून बसतें आणि त्याला एक प्रकारचा भरीवपणा देतें. असें कातडें ओलें केलें म्हणजे मऊ मातीसारखें दबतें, आणि वाळलें म्हणजे दबलेला आकार धरून ठेवतें. उलट, क्रोमच्या क्षारांनीं कमावलेलें कातडें लवचिक असतें. त्यावर ठसा मारला तरी तें थोड्या वेळानें उसळून पूर्ववत् होतें. क्रोमची ही रीत अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ ह्यानें १८८४ त पेटंट घेऊन धंद्यांत आणली, आणि हिंदुस्थानांत मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन ह्याच्या खटपटीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं तिचा पाया घातला गेला. अर्थात् त्यापूर्वींचें भीमथडींतील कमावलेलें सामान सालीचें समजण्यास हरकत नाहीं.

ठसा मारण्याची क्रिया दिसावयास सोपी आहे. कातड्याचा गुळगुळीत बाजूचा पृष्ठभाग ओल्या फडक्यानें सारखा भिजवावयाचा व पाणी आंत मुरूं द्यावयाचें. भिजल्याबरोबर कातडें गडद होतें. कांहीं वेळानें मूळ रंग परत येऊं लागतो, पण हाताला तें अजून गार लागतें. तीच वेळ. दगडी पाटावर कातडें पसरून धातूचा ठसा त्यावर सरळ उभा धरावा व लाकडी मोगरीचा एकच नेमका ठोका द्यावा. कातडें फार ओलें असल्यास कडा फुगून नक्षी पुसट होते. कोरडें असल्यास ठसा वरवर उठतो, आणि तो खोल करण्यासाठीं दुसरा ठोका दिला कीं जोड-छाप पडून काम बिघडतें. ओल बरोबर साधली असेल तर ठशाच्या तळाचा रंग आपोआप गडद होतो व नक्षी रंगावांचूनही उठून दिसते. हा ओलीचा अंदाज पुस्तकांतून येत नाहीं, बोटांना येतो.

ठशाची कला परदेशांतून अलीकडे आली असा एक समज हौशी मंडळींत आढळतो. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धानंतर ठसे, रंग व कापलेले तुकडे एकत्र विकणाऱ्या दुकानांमुळें हा छंद फार पसरला, आणि त्याच्या पुस्तकांतून आपल्याकडेही आला, हें खरें. तथापि भीमथडीच्या दक्षिणेस थोड्याच मजलांवर असलेल्या विजापुरास आदिलशाहींत ग्रंथांच्या कातडी पुठ्ठ्यांवर मधोमध बदामी आकाराचा, वेलबुट्टीचा ठसा दाबून त्यावर सोनें चढविण्याची रीत होती. ही इराणी वळणाची कला. ती दरबारच्या ग्रंथशाळेपुरती होती आणि खेड्यांतील वहाणांशीं तिचा संबंध जोडण्याचा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. परंतु ओल्या कातड्यावर ठसा दाबून नक्षी उठविणें हें दख्खनमध्यें तीन-चारशें वर्षांपूर्वीं ठाऊक होतें, एवढें तीवरून निश्चित होतें.

रंगाची गोष्ट ह्याहून मनोरंजक आहे. सालीच्या कातड्यास काळा रंग देण्यासाठीं रंग विकत घ्यावाच लागत नाहीं. लोखंडाचा कीस किंवा गंजके खिळे गुळाच्या पाण्यांत घालून आंबूं दिले, म्हणजे जें काळपट पाणी तयार होतें, तें कातड्यावर फिरवितांच कातडें डोळ्यांदेखत काळें पडतें. हिराकशीनेंही हेंच होतें. लोखंडाचा क्षार व सालींतील तुरट द्रव्य ह्यांच्या संयोगानें हा काळा रंग कातड्याच्या आंतच उत्पन्न होतो. म्हणून तो पुसला जात नाहीं, खरवडला तरी खालीं काळाच निघतो. हिरडा व हिराकस मिळून लिहिण्याची काळी शाई होते ती ह्याच नियमानें. म्हणजे वतनाचा निवाडा ज्या शाईनें लिहिला गेला आणि ज्या हातांचा उल्लेख त्यांत केवळ हक्कापुरता आला, त्या दोहोंत हिरडा व लोखंड एकच होतें! मात्र लोखंड जास्त झालें तर कातडें कालांतरानें कडक होऊन तडकतें. म्हणून रंग चढल्यावर तें धुवून, अर्धवट ओलें असतांनाच तेल पाजणें अवश्य असतें. तांबड्यासाठीं लाख, पिंवळ्यासाठीं हळद, आणि पक्केपणासाठीं तुरटी, हीं दख्खनमध्यें सर्वत्र परिचित असलेलीं द्रव्यें. त्यांपैकीं हळद उन्हांत टिकत नाहीं, हें कोणीही सांगेल.

भीमथडींतील हा धंदा मागें कां पडला, ह्याचें एकच कारण देतां येत नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत ह्या भागांतील गुरें मोठ्या संख्येनें मेलीं व कच्चें कातडें बाहेर विकलें गेलें. त्यानंतरही परदेशच्या मागणीमुळें कच्च्या मालाचा भाव चढा राहिला, आणि गांवांत कमावण्यापेक्षां व्यापाऱ्यास कच्चा माल देणें सोयीचें झालें. १८८५ त नीरा डावा कालवा सुरू होऊन बारामतीवरून इंदापुराकडे पाणी गेलें. कालव्याच्या भिजांत मोटेचें महत्त्व उतरलें. जेथें ती राहिली तेथें पुढें लोखंडी मोट आली, मग तेलाचीं एंजिनें व शेवटीं विजेचे पंप. घोड्यांच्या फौजा तर त्यापूर्वींच संपल्या होत्या. मोट गेली म्हणजे चांभाराच्या बलुत्याचा अर्धा आधार गेला.

ह्याहून महत्त्वाचें एक कारण मनुष्यांच्या इच्छेंतून आलें, आणि त्याला ऱ्हास म्हणणें मला मान्य नाहीं. १९२७ त महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृतमांस सोडण्याचें आवाहन केलें. १९२८ त त्यांनीं महार वतनाच्या सुधारणेचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें. आणि १९५८ च्या कायद्यानें तीं वतनेंच नाहींशीं झालीं. ज्या कामाबरोबर अपमान बांधलेला होता तें काम अनेकांनीं जाणून-बुजून टाकलें. कसब नष्ट झालें म्हणून हळहळणाऱ्यानें त्या कसबाची किंमत कोण देत होतें हेंही पाहिलें पाहिजे.

नेमक्या ह्याच काळांत तें काम दुसऱ्या हातांत जाऊं लागलें. वर्ध्याजवळ नालवाडी येथें गोपाळराव वाळुंजकर ह्यांनीं ब्राह्मण असून मृत जनावरांचें कातडें स्वतः कमावण्यास आरंभ केला व तेथील चर्मालय नांवारूपास आणलें. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीनें मूलोद्योगांमध्यें कातडीकामाचाही समावेश केला; म्हणजे हें काम कोणाही जातीच्या मुलाला शाळेंत शिकवावें, असें प्रथमच कागदावर आलें. तिकडे बंगाल्यांत श्रीनिकेतनांत रथींद्रनाथ व प्रतिमादेवी ठाकूर ह्यांच्या प्रेरणेनें ठशांची नक्षी व रंग ह्यांनीं सजविलेल्या कातडी पाकिटांचें, पिशव्यांचें काम सुरू झालें होतें. तें मध्यम वर्गांतील स्त्रियांना व विद्यार्थ्यांना आवडलें, आणि घरीं बसून हौसेनें करण्याचें कातडीकाम हा प्रकार आपल्या देशांत रूढ होण्यास त्यामुळें मोठें साह्य झालें. जन्मानें लादलेलें तेंच काम अशा रीतीनें आवडीनें करण्याचें झालें. आज पुण्यांतील हौशी मनुष्य ठशासाठीं कातडें घेतांना सालीचेंच मागून घेतो. दुसऱ्यावर त्याचा ठसा बसतच नाहीं.

कोल्हापुरी चपलेस २०१९ त भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली. तींत महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर, आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे आहेत. २०२५ त इटालीच्या एका बड्या पेढीनें मिलान येथें तशाच घाटाच्या चपला दाखविल्या तेव्हां ह्या नोंदीची चर्चा घरोघर झाली. नोंदीची हद्द मात्र नीरेशीं थांबते. दक्षिण तीरावरचें फलटण सातारा जिल्ह्यांत व माळशिरस सोलापुरांत, म्हणून तीं आंत. उत्तर तीरावरचीं बारामती व इंदापूर पुणें जिल्ह्यांत, म्हणून बाहेर. बाभळीला ही हद्द ठाऊक नाहीं.

पिंपळी, काटेवाडी, सणसर ह्या पट्ट्यांत ज्यांच्या माळ्यावर जुनें खोगीर, मोटेचा तुकडा, पट्टा किंवा म्यान पडून असेल, त्यांनीं तें टाकण्यापूर्वीं त्याची कापलेली कड उजेडांत पाहावी. आरपार तपकिरी-तांबूस असेल तर कातडें सालीचें. मध्यें निळसर-करडी रेघ असेल तर क्रोमचें, म्हणजे विसाव्या शतकांतलें. काळ्या रंगाचा कण खरवडून पाहावा. रंग आंतपर्यंत गेला असेल तर तो बहुधा लोखंडाचा. वस्तु कोणाच्या घरीं होती आणि ती कोणीं करून दिली, हीं दोन्हीं नांवें ठाऊक असल्यास दोन्ही लिहून ठेवावीं. आजवर पहिलेंच लिहिलें जात आलें आहे.