विधिमंडळांतील प्रश्नोत्तरें : एक उपेक्षित इतिहाससाधन

इ. स. १८९३ च्या फेब्रुवारीच्या १६ व्या तारखेस गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलांत भिंग्याचे राजे उदयप्रताप सिंह यांनीं सरकारास एक प्रश्न विचारला. सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघाले म्हणजे त्यांच्या तळास शिधासामुग्री पुरवावी लागते व त्यापायीं खेड्यांतील दुकानदारांस जाच होतो, हा त्याचा विषय होता. १८९२ च्या कायद्यानें सभासदांस प्रश्न विचारण्याचा जो हक्क मिळाला, त्याअन्वयें विचारलेला हा पहिला प्रश्न होय. ज्यांच्या संग्रहीं जुनीं इनामपत्रें आहेत त्यांस हा विषय नवा वाटणार नाहीं. वेठबेगारीची माफी त्यांनीं सनदांतून कितीदां तरी वाचली असेल. राज्य बदललें, तरी अंमलदाराचा तळ पडला कीं गांवच्या वाण्यानें धास्तावावें, हें बदललें नव्हतें. नवें इतकेंच कीं, ही तक्रार आतां अर्जाच्या रूपानें न येतां प्रश्नाच्या रूपानें आली.

अर्ज आणि प्रश्न यांतील हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. पेशवे दफ्तरांत कलमवार यादी आढळतात. मागणाराचें एकेक कलम आणि त्याखालीं हुजूरचा निर्णय, अशी त्यांची मांडणी असते. दिसण्यांत ती विधिमंडळांतील प्रश्नोत्तरांसारखीच दिसते. परंतु तेथें उत्तर देणें न देणें ही धन्याची मर्जी असे, आणि अर्जाचा मागमूस न उरला तरी कोणी जाब विचारीत नसे. दाखल झालेल्या प्रश्नाचें तसें नाहीं. सरळ उत्तर मिळालें तर तें छापलें जातें, उडवाउडवीचें मिळालें तर तेंही छापलें जातें. आणि विचारणाराचें नांव, उत्तर देणाराचें नांव व तारीख हीं तिन्ही कायम राहतात. प्रश्नाचें खरें बळ यांत आहे, मंत्र्यास सभागृहांत घटकाभर ओशाळें करण्यांत नाहीं.

विलायतेंत ही चाल जुनी आहे. १७२१ मध्यें साउथ सी कंपनीचा पळालेला खजिनदार पकडला गेला काय, असें लॉर्ड काउपर यांनीं उमरावांच्या सभेंत विचारलें, तेथपासून तिचा आरंभ धरतात. आपल्याकडे १८५३ च्या सनदी कायद्यानें जें बारा सभासदांचें कायदे कौन्सिल झालें, त्यानें हळूहळू पार्लमेंटची रीत उचलली. कारभाराविषयीं पृच्छा होऊं लागली, कागदपत्रांची मागणी होऊं लागली. टिपू सुलतानाच्या वंशजांस द्यावयाच्या रकमेचें प्रकरणही तेथें उकरलें गेलें. भारतमंत्री सर चार्लस वुड यांस हें रुचलें नाहीं. १८६१ च्या कायद्यानें कौन्सिलास केवळ कायदे करण्यापुरतें बांधून टाकलें. त्या सभेंत हिंदी माणूस एकही नव्हता, तरीही प्रश्नांची धास्ती वाटली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

पुढें १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईस, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत, राष्ट्रसभेची पहिली बैठक भरली. तीत तिसरा ठराव कायदे कौन्सिलांच्या सुधारणेचा होता. लोकांनीं निवडलेले सभासद असावेत, अंदाजपत्रकें त्यांच्यापुढें यावींत व कारभाराच्या सर्व शाखांविषयीं सरकारास प्रश्न विचारण्याचा त्यांस अधिकार असावा, ही त्यांतील मागणी. हा ठराव मांडला काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनीं. गीतेचें इंग्रजी भाषांतर करणारे आणि मराठी बखरी चाळून त्यांतून समाजस्थितीचा शोध घेणारे तेलंग ते हेच. बखरीचें मोल जाणणाऱ्या पंडितानें सरकारास प्रश्न विचारण्याचा हक्क मागावा, यांत आम्हांस कांहींच विसंगत वाटत नाहीं. दोन्हीकडे इच्छा एकच : झालें काय तें लेखानें ठरावें. पहिला प्रश्न विचारला गेला त्याच वर्षीं, सप्टेंबरच्या १ तारखेस, तेलंग निवर्तले.

१८९२ चा हक्क बेताचाच होता. प्रश्नाची सूचना आगाऊ द्यावयाची. उत्तरावर चर्चा करावयाची नाहीं. उपप्रश्न तर नाहींच. आणि अध्यक्षांस कोणताही प्रश्न कारण न देतां नाकारण्याची मुभा. नाकारलेला प्रश्न उच्चारलाच जात नसे, म्हणून आमच्या वरील विधानास ही एक पळवाट होती हें कबूल केलें पाहिजे. १९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्न करूं दिला. १९१९ नंतर तो अधिकार इतर सभासदांसही मिळाला.

आतां प्रश्नाच्या घडणीकडे पाहूं. महाराष्ट्र विधिमंडळाच्या कागदांत प्रश्नाचा सांचा ठरलेला असतो. मंत्री 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' असा आरंभ. मग पहिलें कलम अमुक घडलें 'हे खरे आहे काय'. दुसरें 'असल्यास' काय कारवाई केली. आणि शेवटीं 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. ही रचना मोठी खुबीची आहे. पहिलें कलम वस्तुस्थिति बांधतें, पुढचीं पळण्याचे रस्ते एकेक करून अडवितात. उत्तरपक्षही कांहीं भोळा नसतो. 'हे अंशतः खरे आहे' म्हणावयाचें आणि कोणता अंश खरा तें सांगावयाचें नाहीं. किंवा पहिल्या कलमास नकार देऊन पुढील सर्वांस 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणून एका फटक्यांत निकालांत काढावयाचें. गौतमाच्या न्यायसूत्रांत छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाक्छलाचीं उदाहरणें विद्यार्थ्यांस हवीं असतील तर या खंडांतून वाटेल तितकीं काढून देतां येतील. विषय सोडून भलतेंच बोलणें हें 'अर्थान्तर' नांवाचें निग्रहस्थान, तेंही येथें विपुल.

प्रश्न तारांकित व अतारांकित असे दोन जातींचे असतात. तारांकितास तोंडी उत्तर मिळतें व त्यावर उपप्रश्न चालतात. अतारांकितास केवळ लेखी उत्तर. लोकसभेंत एका दिवशीं तारांकित वीस, तर अतारांकित दोनशेंतीस घेतले जातात. वर्तमानपत्रांचें लक्ष त्या विसांकडे असतें. संशोधकानें दोनशेंतिसांकडे पाहावें, असें आमचें मत आहे. कारण जिल्हावार आंकडे, रकमा आणि तारखा यांचीं विवरणपत्रें तेथेंच सांपडतात.

'माहिती गोळा करण्यात येत आहे' हें उत्तर सर्वांच्या परिचयाचें आहे. पूर्वीं तें दिलें कीं प्रकरण मिटलें, असें समजत. १९५३ च्या डिसेंबरांत लोकसभेंत सरकारी आश्वासनांची समिति नेमली गेली. कोणते शब्द उच्चारले असतां आश्वासन दिलें असें धरावें, याची यादीच ठरलेली आहे. आणि तें पुरें झालें कीं नाहीं याचा तगादा ही समिति लावते. म्हणजे टोलवाटोलवीचें वाक्यच सरकारच्या अंगावर कर्जरोख्यासारखें चढलें.

लहानशा प्रश्नानें केवढें काम होतें याचें प्रसिद्ध उदाहरण १९५७ चें. त्या वर्षीं आयुर्विमा महामंडळानें हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटि रुपयांचे भाग घेतले. रामसुभग सिंग यांनीं लोकसभेंत त्याविषयीं विचारणा केली, फिरोज गांधी यांनीं डिसेंबरांत प्रकरण धसास लावलें, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ति छागला यांची चौकशी बसली, आणि १९५८ च्या फेब्रुवारींत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. योगायोग असा कीं, १९५१ मध्यें मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हितासाठीं प्रश्न विचारल्याचा ठपका एच. जी. मुद्गल या सभासदावर आला, तेव्हां चौकशीसमितीचे अध्यक्ष हेच कृष्णम्माचारी होते. प्रश्न विकत मिळूं लागला तर तो कोणास धाक घालणार? तरी २००५ च्या डिसेंबरांत याच कारणावरून अकरा खासदारांस संसदेंतून काढावें लागलें.

२०२० च्या सप्टेंबरांत साथीमुळें प्रश्नोत्तरांचा तास झाला नाहीं. लेखी उत्तरें मात्र चालू राहिलीं. टाळेबंदींत घरीं परततांना किती स्थलांतरित मजूर मृत्यु पावले, या प्रश्नास कामगार खात्यानें लेखी उत्तर दिलें कीं, अशी माहिती ठेवलेली नाहीं. पुढील काळच्या इतिहासकारास मजुरांचा आंकडा या उत्तरांत मिळणार नाहीं. परंतु तो मोजला नव्हता, हें सरकारच्याच शब्दांत व तारखेनिशीं मिळेल.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांकडे मुंबई कायदे कौन्सिलाच्या वृत्तांतांचे जुने खंड असतील. त्यांत 'विवरण पटलावर ठेवलें आहे' असें जेथें जेथें छापलें असेल, तेथें तें विवरण खंडाच्या परिशिष्टांत आहे कीं निराळें पडून गहाळ झालें आहे, हें ताडून पाहावें. प्रश्नकर्त्याचें नांव, तारीख, विषय व कोणत्या कलमास उत्तर मिळालें नाहीं, एवढ्या चार रकान्यांची यादी एकेका वर्षापुरती कोणी केली तरी हें काम सुरू होईल. आरंभ १८९३ पासून करावा.