२७० रुपयांचा कप आणि मनिलाचे २१ गुण

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शिरूर कासारात ‘रग्बी’ म्हटलंत, तर लोकांना आधी थंडीत पांघरायची रग आठवेल. गावाकडे खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि अर्थातच क्रिकेट. पण या वीकेंडला विषय रग्बीचाच आहे. तो शिरूर कासारपर्यंत कसा येतो ते पुढे सांगतो, जरा धीर धरा.

तर मंडळी, हा खेळ आपल्याकडे अजिबात नवा नाही. २५ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. मग लष्कराची रेजिमेंट बदलून गेली, क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि मेंबर मंडळी पोलो-टेनिसकडे पांगली. १८७८ मध्ये क्लबाने गाशा गुंडाळला. बँकेतले चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा कप घडवून इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. कपाला तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या ‘कलकत्ता कप’साठी खेळतात.

थोडक्यात काय, तर चांदी इथली, कारागिरी इथली आणि खेळणारे मात्र तिकडचे!

मुंबईत बॉम्बे जिमखाना १८७५ चा. पावसाळ्यात तिथल्या चिखलात रग्बी रंगायची. पण स्वातंत्र्यापूर्वी भारतीयांना तिथे सभासदत्वच नव्हतं. अखिल भारतीय स्पर्धा १९२४ मध्ये सुरू झाली. इंग्रज गेल्यावर खेळ उरला, पण मोठ्या शहरांतले क्लब आणि लष्कर यांच्यापुरता. राष्ट्रीय संघटना १९६८ ची. आणि भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना कधी? १९९८ मध्ये, सिंगापूरला! करा हिशोब: कलकत्त्याच्या त्या सामन्यानंतर तब्बल १२६ वर्षांनी. त्या पहिल्या संघात आपला सिनेमावाला राहुल बोसही होता. पुढे तो संघटनेचा अध्यक्ष झाला.

एवढा उशीर का? कारण पंधरा जणांची रग्बी हा महागडा उद्योग आहे. ऐंशी मिनिटं खेळायचं म्हणजे हिरवळीचं मैदान हवं, दुखापती सांभाळणारे डॉक्टर हवेत, आणि स्क्रममध्ये पुढच्या रांगेत मान घालून रेटा देणारे धिप्पाड गडी हवेत. असा गडी दोन महिन्यांच्या शिबिरात तयार होत नाही. त्यामानाने सात जणांची ‘सेव्हन्स’ सुटसुटीत. चौदा मिनिटांत खेळ खल्लास. २००९ मध्ये ऑलिंपिक समितीने सेव्हन्सला प्रवेश दिला आणि २०१६ मध्ये ती रिओत खेळली गेली. मधल्या काळात, २०१० मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपण यजमान होतो. सुवर्ण न्यूझीलंडने नेलं आणि आपल्याला पदकाच्या आसपासही जाता आलं नाही.

आता मुलींची गोष्ट. भारताच्या महिला पंधराच्या संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला जून २०१८ मध्ये, सिंगापूरला. हरल्या. बरोब्बर एका वर्षाने, जून २०१९ मध्ये, मनिलात समोर पुन्हा सिंगापूर. शेवटच्या मिनिटांत सुमित्रा नायकने पेनल्टीची किक मारली आणि २१-१९! भारतीय महिलांचा पंधराच्या रग्बीतला हा पहिला विजय.

या संघात कोण होत्या ते पाहा. कर्णधार पुण्याची वाहबिज भरुचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट. सुमित्रा ओडिशाची, भुवनेश्वरच्या ‘कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ या आदिवासी मुलांच्या मोफत निवासी शाळेत वाढलेली. याच शाळेच्या मुलांनी २००७ मध्ये लंडनची आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा जिंकली होती. स्वीटी कुमारी बिहारच्या खेड्यातली, अंगणवाडी सेविकेची मुलगी, मूळची धावपटू. रग्बीची हीच तर गंमत आहे. धावणारी, झेप घेणारी, न घाबरणारी मुलगी असली, की बाकीचं नंतरही शिकवता येतं.

म्हणजे खेळ जिमखान्यात उतरला, पण संघाला जिंकायला बळ मिळालं ते वसतिगृहातून. दोन वेळचं जेवण, राहायची सोय आणि बारा महिने तेच मैदान, एवढ्या तीन गोष्टींतून.

आता या शिरूर कासारला. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दसऱ्याच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलं कधी मागे आजीपाशी, कधी हंगामी वसतिगृहात, तर कधी फडावर सोबत. खो-खोत खांबाभोवती गर्रकन वळणारी पोरगी ऐन हंगामात शाळेतच नसते. तिला शोधणार कोण आणि कुठे?

दम नाही म्हणावं तर शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पण त्याची शर्यत ओळखली गेली ती सैन्यात गेल्यावर. तोवर हे पाय आमच्याच मातीत धावत होते आणि कुणाच्या नजरेस पडले नव्हते.

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, परदेशी खेळाडूही आले. झकास! लीग हवीच. फक्त लीगमुळे वरचा मजला बांधून होतो, पाया नाही. बिहारने राजगीरला मैदान उभारून ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई वीस वर्षांखालील सेव्हन्स भरवली. बिहार करू शकतं, ओडिशा करू शकतं, मग आपण का नाही?

माझी मागणी स्टेडियमची नाही. आमच्याकडच्या हंगामी वसतिगृहांचं ‘हंगामी’पण काढा, शेजारी एक सपाट मैदान द्या आणि एक शिकवणारा नेमा. तिथून राष्ट्रीय संघात कुणी गेलं तर उत्तमच. नाही गेलं, तरी मुलगी बारा महिने शाळेत राहील.